गढूळ पाण्याचा चमचा

फहाहील
शुक्रवार, ६ ऑक्टोबर २०००

झहूरभाई,

तुमचं बरं चाललंय असं यूसुफ म्हणाला, म्हणून ते विचारत नाही. माझंही चाललंय. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून वाचा.

काम असं की यूसुफ परवा आला होता. गळ-रिळांचं ते दुकान, तुम्ही कामाला होता ते, आता सगळं तोच बघतो. बस म्हटलं तर बसला नाही, दारातच उभा. त्याला तुम्हाला परत बोलवायचंय. कुठल्या पाण्यात काय लावायचं हे गिऱ्हाइकाला सांगणारा माणूस त्याला मिळत नाही. तुमच्या जागी जो ठेवलाय तो पाकिटावरचं चित्र दाखवतो आणि कुठलंही घ्या म्हणतो. मालक व्हिसा काढायला तयार आहे. अडलंय ते माझ्यापाशी.

मला तो चेची म्हणतो, त्यांच्यात ताईला म्हणतात तसं. मलबारी हिंदीत म्हणाला, "चेची, आप बोलो. आपका दिल साफ नहीं, तो मैं नहीं बुलाता."

त्याचं पण खरं आहे. शुक्रवारची अर्धी गिऱ्हाइकं आपली तेल कंपनीतली मराठी माणसं. बाळासाहेबांनी त्याला आधीच सांगून ठेवलंय, की माझ्या भावाला समुद्रातल्या बांधावर बोलावून स्वतः घरी झोपून राहिलेला माणूस दुकानात उभा दिसला तर आमच्यातला एकही पायरी चढणार नाही. ह्यांचे चुलतभाऊ असून सख्ख्यापेक्षा जास्त ओरडतात.

मी यूसुफला म्हटलं, विचार करून सांगते. विचार कसला करायचाय ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरं म्हणजे, ह्यांची गळाच्या आमिषांची पेटी. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं, पेटी पलंगाखालीच होती. काल ओढून काढली. मुक्ता पुण्याला कॉलेजात गेली. जाब्रियाच्या दवाखान्यात चादरी बदलून घरी आलं की मला करायला काही नसतं. पेटीत कप्पे अजून माझेच आहेत. हे मासळीप्रमाणे लावायचे, हामूरचा कप्पा, शीमचा कप्पा. मी सगळी उपसून पाण्याप्रमाणे लावली होती. मासळी आपल्याला दिसत नाही, पाणी दिसतं. दिसतं त्याच्यावरून ठरवावं. नितळ पाणी आणि वर ऊन असेल तर चंदेरी, बारीक. उजाडायच्या आधी किंवा ढग असले तर काळं-जांभळं, खालून बघणाऱ्या मासळीला त्याची सावली दिसते. थंडीत पाणी गार पडलं की रबरी अळी, आणि ती हळू ओढायची, मासळी सुस्तावलेली असते. आणि गढूळ असेल तर पत्र्याचा मोठा सोनेरी चमचा, नाहीतर पोटात मणी खुळखुळणारा लाकडी मासा. गढुळात मासळी डोळ्यांवर नाही, अंगावर चालते. पाणी हललेलं तिला अंगाला कळतं.

हे नाशिकला वाढलेले. समुद्र म्हणजे मोठी गोदावरी समजायचे. गावाकडे मी खाडीच्या अलीकडची, तुम्ही पलीकडचे, तरी तुम्ही पण दुकानात कंपनीचं पुस्तक बघूनच विकायचात. पाणी बघायला मी शिकवलं तुम्हाला, हे कबूल करा. पण तुम्ही राहायचात त्या फरवानियातून समुद्र कुठला दिसायला. म्हणून दर शुक्रवारी साडेपाचला तुमचा फोन. "वैनी, पाणी कसं?" मी चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून बघून सांगायची. तुम्ही तसे चमचे खिशात घालून पहिल्या बसने यायचात आणि मग दोघं बांधावर.

पेटी कुणाला देऊ ते कळवा.

रत्नमाला


शुक्रवार, ३ नोव्हेंबर २०००

झहूरभाई,

उत्तर नाही. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणतात पत्र दहा-बारा दिवसांत पोचतं. म्हणजे पोचलं. बरं, नका लिहू. मी लिहिते.

मागच्या शुक्रवारी मी बाजारातून गळाची नवी कांडी आणली आणि बांधावर गेले. टोकाला नाही, सुरुवातीलाच. सलवार-कमीज, पायात ह्यांचे बूट. दोन मिसरी, इजिप्तचे, म्हातारे बसले होते, ते म्हणाले, "या हज्जा, या हज्जा." मी म्हातारी पण नाही आणि हजला पण गेलेली नाही, असं त्यांना मराठीत सांगितलं. खूप हसले. एकाने बसायला डबा दिला.

पाणी नितळ होतं. चंदेरी बारीक लावलं. तिसऱ्या फेकीला शीम आली, वीतभर. घरी आणून तळली आणि एकटीने खाल्ली. मीठ घातलं होतं की नव्हतं ते कळलं नाही.

बायका विचारतात, नवरा जिथे गेला तिथे तुला जाववतं कसं? जाववतं. समुद्राने काय केलंय? तो होता तिथेच होता.

मी रडत नाही हे पण त्यांना खटकतं. येत नाही तर काय करू. आधी वाटायचं उशिरा येईल. आता वाट बघत नाही.

बाळासाहेब सोमवारी येऊन गेले. सोफ्यावर बसून पाय हलवत म्हणाले, "वहिनी, यूसुफला एकदा स्पष्ट नाही म्हणून टाका, विषय संपेल. झहूर म्हणे, मी फोन केला होता! कुठे केला? तुम्ही तर घरातच होता ना?"

मी चहा ओतत होते. ओतत राहिले. कप भरला, बशी भरली.

"असू दे, असू दे," म्हणाले. "मला कळतं तुमचं."

त्यांना काही कळत नाही.

एक विचारायचंय. पोलिसांनी ह्यांची कांडी दिली ती मुक्ताच्या कपाटामागे उभी आहे. रीळ गंजलंय. पण दोरी तुटलेली नाही, कापलेली आहे. टोक सरळ आहे. पेटीत गढुळाच्या कप्प्यात एक खाच रिकामी आहे, सोनेरी चमच्याची. त्या शुक्रवारी हे दहा वाजले तरी आले नाहीत म्हणून मी तुम्हाला फोन केला, तुम्ही टॅक्सी करून थेट बांधावर गेलात. पोलिसांच्या आधी तिथे तुम्हीच होता. कांडी तुम्हालाच सापडली.

यूसुफला वर्ष संपायच्या आत उत्तर हवंय. नंतर मालक दुसरा माणूस कायम करणार. मी अजून काही बोललेली नाही.

रत्नमाला


शुक्रवार, १५ डिसेंबर २०००

झहूरभाई,

पुडकं मिळालं. तुमच्या गावचा फारूक आमच्या दवाखान्याची गाडी चालवतो, तो सुट्टीवरून आला. रोजा होता त्याला, तरी जिने चढून चौथ्या मजल्यावर आणून दिलं. "झहूरचाचाने दिलंय. चिठ्ठी नाही म्हणाले, वैनींना कळेल."

वर्तमानपत्र, त्याच्या आत रुमाल, त्याच्या आत चमचा. चमच्याला चार बोटं दोरी आणि गाठ.

गाठ माझी. म्हणजे माझ्या बापाची. सात वेढे आणि शेपूट परत आतून. ह्यांना ती कधी जमली नाही. तुम्ही पण दोन शुक्रवार शिकत बसलात आणि सोडून दिलंत. म्हणून बाहेर पडायच्या आधी दर वेळी मीच बांधून द्यायची. पाणी बघायचं, आमिष निवडायचं, गाठ मारायची, तेवढं माझं काम.

तेव्हा कांडी हातात घेतल्या घेतल्या तुम्हाला कळलं असणार. सोनेरी चमचा, म्हणजे मी पाणी बघितलं होतं. गाठ माझी, म्हणजे तुमच्याशी बोलून झाल्यावर मी ती हाताने मारली होती. पोलिसांना त्यात काही दिसलं नसतं. बाळासाहेबांना तर नाहीच. तरी तुम्ही दोरी कापलीत आणि चमचा खिशात घातलात. दीड वर्ष ठेवलात.

आता लिहितेच. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण माझ्या अक्षरात कुठे नाही.

१६ एप्रिल १९९९, शुक्रवार. साडेपाचला फोन वाजला, मी उचलला. हे न्हाणीत होते. तुम्ही विचारलंत, "वैनी, पाणी कसं?" मी बाल्कनीत जाऊन बघून आले. दोन दिवस धूळ झाली होती आणि आता वारा फिरून समुद्राकडून येत होता. म्हटलं, "गढूळ आहे, मातीसारखं. लाटा बांधावरून पलीकडे जातायत." तुम्ही म्हणालात, "मग आज नको. मी येत नाही. भावाला पण सोडू नका. शपथ घाला पाहिजे तर."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

हे बाहेर आले. "झहूरचा होता?" विचारलं. मी म्हटलं, "हो."

म्हणाले, "मग? काय म्हणाला?"

मी म्हटलं, "काय म्हणणार. पाणी विचारलं."

आता कारण. मोठं काही नाही. भांडण नव्हतं. धुळीमुळे हे दोन दिवस घरात होते. मी झाडायला लागले की पाय वर घेऊन बसायचे आणि कोपरा राहिला म्हणून दाखवायचे. दर तासाला चहा. टीव्हीचा आवाज. मला दोन तास घर मोकळं हवं होतं. एवढंच. वाटलं, जातील, झहूर भेटणार नाही, कंटाळून तासाभरात येतील. एक तास तर एक तास.

त्यांनी बाल्कनीतून बघितलं आणि म्हणाले, "आज खराबच दिसतंय गं."

तेव्हा मी ते बोलले. म्हटलं, "गढूळ म्हणजे खराब नाही. गढुळातच हामूर काठाला येतो." सोनेरी चमचा काढला, गाठ मारून दिली. चमचा बघून त्यांचं तोंड उजळलं. पाण्याच्या बाबतीत मी कधी चुकले नव्हते ना. दहा वर्षांत एकदाही नाही. तो माणूस पगाराच्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही, दोनदा वाचायचा, पण मी सोनेरी म्हटलं की सोनेरी.

आणि मीच केव्हातरी त्यांना शिकवून ठेवलं होतं, की काठाला फारच माती असली तर बांधाच्या टोकाला जायचं, तिथे पाणी जरा उघडं असतं. तुम्ही नव्हता थांबवायला. ते टोकाला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले.

संध्याकाळी घर भरलं होतं. बाळासाहेबांनी सगळ्यांसमोर तुम्हाला धरलं, येतो म्हणून का नाही आलास? तुम्ही म्हणालात, "मी फोन केला होता. वैनींशी बोललो." मुक्ता माझ्याकडे वळली. युनिफॉर्मच घालून होती, का ते मला माहीत नाही, शनिवार होता, शाळेत गेली नव्हती. "आई, डिड अंकल कॉल?"

मी नाही म्हटलं. ठरवून नाही. तोंडातून बाहेर पडलं आणि मग ते तिथेच राहिलं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "नसेल लागला. दुसरीकडे कुठे लागला असेल. वैनी म्हणतात तर."

साडेपाचला फोन करून, पाणी विचारून, शपथ घाला सांगून, तो दुसरीकडे लागतो? पण कुणी पुढे विचारलं नाही. इथे लोकल फोनचं बिल येत नाही. आलं असतं तर कागदावर सापडला असता.

सहा महिन्यांत तुम्ही गेलात. दुकानात कुणी तुमच्याकडून चमचा घेईना, मंडळाच्या जेवणात कुणी शेजारी बसेना. मला सगळं कळत होतं. मी भाजी चिरत होते, चादरी बदलत होते.

यूसुफला उत्तर देणं सोपं आहे. हो म्हणायचं, बस. पण नुसतं हो म्हटलं तर मी तुम्हाला माफ केलं असं होईल. बाळासाहेब म्हणतील, बघा आमच्या वहिनींचं मन. ते नको.

ईद चांगली जावो. फखरुन्निसाभाभींना सांगा.

रत्नमाला


रविवार, २१ जानेवारी २००१

झहूरभाई,

यूसुफने ईदची सबब सांगून मालकाकडून महिना वाढवून घेतला. मी आधी मुक्ताला सांगायचं ठरवलं. होस्टेलवर फोन केला. तिला खाली बोलवायला गेले, मी धरून बसले.

सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "व्हाय आर यू टेलिंग मी धिस नाऊ?"

मी म्हटलं, "तू तेव्हा विचारलं होतंस."

"ओके," म्हणाली. "आई, आय हॅव अ क्लास." आणि ठेवला.

रविवार होता.

परवा मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम झाला. मी काळी साडी नेसून गेले. लहान मुलांची गाणी झाली. बाळासाहेब दाराशी ताट घेऊन प्रत्येकाच्या हातावर वडी ठेवत होते. माझा नंबर आला.

मी म्हटलं, "बाळासाहेब, फोन आला होता."

"कुणाचा?"

"झहूरभाईंचा. त्या शुक्रवारी. मी घेतला. येत नाही म्हणाले, ह्यांनाही सोडू नका म्हणाले. मी ह्यांना सांगितलं नाही. उलट चमचा बांधून पाठवलं."

त्यांच्या हातात वडी होती. ती त्यांनी परत ताटात ठेवली. "वहिनी, सणाचं काय हे? बसा बघू. श्यामला, वहिनींना पाणी दे."

त्यांची श्यामला पाणी घेऊन धावत आली आणि मला ऐकू येत नसल्यासारखं त्यांना म्हणाली, "अहो, एकट्या राहतात, मनावर परिणाम होतो. माझ्या मावशीचं असंच झालं होतं."

"तुझ्या मावशीचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "माझं डोकं ठिकाणावर आहे. फोन आला होता. सगळ्यांनी ऐका, परत सांगणार नाही. झहूर अंतुलेंचा फोन आला होता आणि मी खोटं बोलले."

कुणीतरी पळत जाऊन माईक बंद केला. मी माईकवर बोलतच नव्हते.

बाळासाहेब हळू आवाजात म्हणाले, "मग तो तेव्हा का नाही बोलला?"

"बोलला होता. तुम्ही त्याचं ऐकून माझ्याकडे बघितलंत."

त्यांचं तोंड एकदम ह्यांच्यासारखं, दीनानाथसारखं दिसलं. कपाळ तेच आहे ना. मी तिथून निघाले. बूट घालताना मागे बघितलं, वाटलेली सरबतं तशीच सगळ्यांच्या हातात. माझ्या हातावर वडी कुणी ठेवली नाही. मी पण मागितली नाही.

काल सकाळी दुकानात जाऊन यूसुफला सांगितलं, "बुलाओ. माफ किया मत बोलना. बोलना उसकी गलती नहीं थी, कभी नहीं थी."

त्याने विचारलं, "पक्का, चेची?"

म्हटलं, "लिखके दूँ?" त्याने कागद पुढे केला. आम्ही दोघांनी त्या कागदाकडे बघितलं. मग मी मराठीत दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. त्याला वाचता येणार नाही. तुम्ही आलात की वाचून दाखवा.

बरं वाटतंय का असं फारूकने विचारलं. बरं नाही आणि वाईट नाही. हात बर्फात धरून ठेवल्यावर कसं होतं, आपला आहे हे बघूनच कळतं, तसं.

रत्नमाला


शुक्रवार, १६ फेब्रुवारी २००१

झहूरभाई,

व्हिसाचे कागद पाठवले असं यूसुफ म्हणतो. तुमचा होकार नाही, नकार नाही. मी विचारायला बसलेली नाही. या, नाहीतर येऊ नका. तिथे तुमची बोट असेल, भाभी आहेत, पोरीचं, अलिनाचं शिक्षण आहे. तुमचं नाव इथे मोकळं झालं तेवढं कळवते.

बाळासाहेब दुकानात गेले होते. काही घेतलं नाही. चमच्यांच्या फळीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि "कधी येतोय तो?" एवढं विचारून गेले. माझ्याकडे येत नाहीत. श्यामला लिफ्टमध्ये दिसली तर जिन्याने जाते. चालतंय.

मुक्ताचा फोन नाही. सहा रविवार झाले. दर रविवारी मी बाहेर जात नाही.

पेटीचं आता विचारत नाही. ती राहू दे. चमचा गढुळाच्या कप्प्यात त्याच्या खाचेत ठेवलाय. गाठ सोडवलेली नाही.

आज सकाळी बांधावर गेले नाही. वारा समुद्राकडून होता. त्या मिसरी म्हाताऱ्यांना पण खाली जाऊन सांगून आले, आज नको. एकाने ऐकलं. दुसरा ऐकेना, तेव्हा त्याचा डबाच उचलून आणला. स्वयंपाकघरात आहे. उद्या न्यायला येईल.

नंबर तोच आहे. पुढच्या शुक्रवारी साडेपाचला फोन करा, तुमच्याकडे आठ वाजले असतील. काही बोलू नका. नुसतं पाणी विचारा, मी बघून सांगेन, जसं असेल तसं. नंतर कुणी विचारलं, फोन आला होता का, तर आला होता म्हणेन.

घंटा जरा जास्त वाजू द्या. मी हल्ली पटकन उठत नाही.

रत्नमाला